सखाराम बाइंडर: खलनायक की अँटीहिरो?

नाट्यवेडी:
रविवारी आम्ही चौघींनी विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' (१९७२) हे नाटक मोठ्याने वाचलं आणि वाद पेटला. आई म्हणाली, "हा सरळसरळ खलनायक." मला पटत नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो, पण अटी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. मारतो, पितो, शिव्या देतो. तरी लग्नाच्या नावाखाली हेच करणाऱ्यांपेक्षा मला खरा वाटला. मग शेवटी त्यानेच घरी आणलेल्या चंपाचा गळा दाबतो आणि माझी बाजू लंगडी पडते. अँटीहिरो नेमकं कोणाला म्हणायचं?

बोरूबहाद्दर:
अँटीहिरो म्हणजे नायकाचे गुण नसलेलं, तरी गोष्टीच्या मध्यभागी असलेलं पात्र. खून केला म्हणून तो अँटीहिरो राहत नाही, असं नाही. खलनायक नायकाच्या वाटेत आडवा येतो. इथे वाटच सखारामची आहे, आपण त्याच्या घरात बसून सगळं बघतो. आणि कृपा करून 'प्रतिनायक' म्हणू नका. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू, रामासमोरचा रावण.

पिंपळपान:
नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर आठवा. खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, हाती काही न लागता गावी परततो. पराक्रमच नाही, म्हणून अँटीहिरो. सखाराम दुसऱ्या टोकाचा.

नाट्यवेडी:
पांडुरंगाचं पटलं, ताई. पण आता मी लक्ष्मीपाशी अडकलेय. चंपाच्या आधी सखारामने आणलेली, देवभोळी, मुंगळ्याशी बोलणारी बाई. तीच चंपाची चुगली करते आणि खुनानंतर खड्डा खणायला लागते. आज रात्री तो प्रवेश आईला पुन्हा वाचून दाखवते.