कोटेशनमध्ये फोटोची ओळ वेगळी हवी की नको?

मांडणीकार, पुणे
सरळ मुद्द्यावर येते. आपल्याकडे ब्रोशर असो की पॅकिंग, डिझाइनचा एकच आकडा सांगितला जातो आणि फोटोचे पैसे त्यातच धरलेले असतात. क्लायंटने आकडा खाली ओढला की पहिली कात्री फोटोला लागते. मग गूगलवरून उचलायचा, वॉटरमार्क पुसायचा, नाहीतर ज्याच्याकडे स्टॉक फोटोंच्या (आधीच काढून ठेवलेल्या, लायसन्स घेऊन वापरायच्या फोटोंच्या) साइटचं सबस्क्रिप्शन आहे त्याला "एक काढून दे ना" म्हणायचं.

माझं म्हणणं: फोटोची ओळ वेगळी टाका, लायसन्स क्लायंटच्या नावावर घ्या, पावती त्याच्या हातात द्या. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या असे फोटो विकणाऱ्या साइट्सच्या स्टँडर्ड, म्हणजे साध्या लायसन्सवर 5 लाख छापील प्रतींची मर्यादा आहे. मसाल्याच्या चालत्या ब्रँडचे पाउच ती सहज ओलांडतात. पुढे एक्स्टेंडेड लायसन्स लागतं आणि ते कितीतरी महाग पडतं. ओळ वेगळी नसेल तर हा फरक डिझायनरने खिशातून भरायचा का? शिवाय एका क्लायंटसाठी घेतलेला फोटो दुसऱ्याच्या कामात टाकायचा तर लायसन्स पुन्हा घ्यावं लागतं. हे कितीजण पाळतात?

फ्लेक्सवाला, बार्शी
ताई, पुण्यात चालत असेल. इथे दर चौरस फुटावर ठरतो, डिझाइन त्यातच. वाढदिवसाचा बॅनर, पाचला फोन, नऊला चौकात लागला पाहिजे. त्यात कोटेशन कुठलं आणि ओळ कुठली! पैसे वेगळे सांगितले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. आणि मी चोरी करत नाही. अनस्प्लॅश, पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइट्सवरून घेतो, तिथे धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. मग विकत कशाला घ्यायचं?

मांडणीकार, पुणे
दादा, आकाश, फुलं, लाकडाची पाटी यासाठी बिनधास्त घ्या. अडचण चेहऱ्याची आहे. फुकटच्या फोटोतल्या माणसाने मॉडेल रिलीजवर, म्हणजे आपला चेहरा वापरू देण्याच्या संमतीपत्रावर सही केलीय याची हमी तिथे कुणी देत नाही. वाढदिवसाला फोटो गिऱ्हाइकाचाच असतो, प्रश्न नाही. पण त्वचारोगाच्या दवाखान्याच्या फ्लेक्सवर अनोळखी बाईचा चेहरा टाकलात तर? विकतच्या फोटोतसुद्धा माणसाला आजार चिकटवायचा असेल तर वेगळ्या अटी असतात.

कॅमेरेवाला, कोल्हापूर
तुम्ही दोघंही चुकीच्या दुकानात उभे आहात. स्टॉक हवाच कशाला? 2004 मध्ये अमेरिकेत डेल आणि गेटवे या एकमेकींच्या स्पर्धक संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकाच स्टॉक शूटमधली एकच मुलगी झळकली होती. पैसे दोघींनी भरले, पण चेहरा दोघींचाही राहिला नाही.

आपल्याकडे तर आणखी पंचाईत. 'भारतीय कुटुंब' शोधलं की तेच चकचकीत दिवाणखाने येतात. नऊवारी नेसलेली आजी, गुऱ्हाळावरचा माणूस, पोळ्याला सजवलेला बैल, हे शोधून बघा. माझ्यासारखा कुणी गावातच असतो, अर्ध्या दिवसात शूट होतं. कायदाही क्लायंटच्या बाजूने आहे: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. ही सोय कुठल्याच सबस्क्रिप्शनमध्ये नाही.

एजन्सीतली, अंधेरी
कॅमेरेवाले, बैलाबद्दल शंभर टक्के मान्य. पण वार्षिक अहवालाला चाळीस फोटो, शुक्रवारी प्रूफ, त्यात बंदर, प्रयोगशाळा आणि पवनचक्क्या. कुठे कुठे कॅमेरा नेणार?

निवडताना मी आधी मथळ्याची जागा बघते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजी मथळा बसेल एवढी मोकळी जागा आपल्याला पुरत नाही. मग आकार: ए-फोर पूर्ण पानाला 300 डीपीआयने 2480 बाय 3508 पिक्सेल, वर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी कड. मग 'एडिटोरियल', म्हणजे फक्त बातमी-लेखापुरता, असा शिक्का आहे का ते, कारण तो असेल तर जाहिरातीला चालत नाही. शेवटी फोटो उलटा शोधायचा, म्हणजे तोच फोटो सर्चमध्ये टाकून कुठे कुठे आलाय ते बघायचं; त्यातून स्पर्धकाने वापरलाय का ते कळतं.

हल्ली आणखी एक काम वाढलंय. गुढीपाडव्याच्या शोधात एआयने बनवलेल्या गुढ्या येतात, आणि कलश सुलटा! लांबून सुंदर, पण छापला तर पहिला फोन क्लायंटच्या आईचा येणार. अडोबी स्टॉकमध्ये एआयची चित्रं वगळायचा फिल्टर आहे, तो मी लावूनच बसते.

मांडणीकार, तुमची ओळ मी टाकते. पण लायसन्स क्लायंटच्या नावावर घ्यायला माझा सक्त विरोध आहे. खातं त्याचं झालं की निवडही त्याची होते. मग कॉल सेंटरचा हेडफोनवाला हसरा चेहरा आणि हस्तांदोलन, दरवेळी. खातं आपलं, पावतीची प्रत त्याला, एवढं बास.

मांडणीकार, पुणे
निवड कधीच सोडायची नाही, याबाबत तुमच्याशी सहमत. तरी काम दुसऱ्या डिझायनरकडे गेल्यावर तोच फोटो पुढे वापरायचा हक्क क्लायंटकडे कागदावर असायला हवा. आपलं खातं बंद पडलं तर तो कुणाला विचारणार? म्हणून मी खातं माझंच ठेवते आणि लायसन्स घेताना त्याच्या कंपनीचं नाव घालते. ओळ अशी: "स्टॉक फोटो 4, स्टँडर्ड लायसन्स, छपाई 5 लाखांपर्यंत. त्यापुढे किंवा विक्रीच्या कॅलेंडरसाठी वेगळा दर." यावर घासाघीस होते ती फोटोंच्या संख्येवर. माझ्या मजुरीवर होत नाही.

फ्लेक्सवाला, बार्शी
पाउच आणि खोक्यांची कामं माझ्याकडेही येतात. त्यांना ही ओळ टाकीन. बॅनरला नाही टाकणार.