वऱ्हाड सोडलं, ते बरोबर केलं का? (आमच्या घरच्या ग्रुपवर)

बाबू : (फोटो) गाविलगडावर आलो. काय गड आहे राजेहो! पण याच गडापायी वऱ्हाड गेलं. १५ डिसेंबर १८०३ ला गड इंग्रजांच्या हाती पडला अन् १७ तारखेला नागपूरचे दुसरे रघुजी भोसले त्यांच्याशी देवगावचा तह करून मोकळे. दोन दिवस धीर निघाला नाही. माझ्या मते हा तह नाही, शरणागती आहे.

वहिनी : जेवला का? वर माकडं लय आहेत, पिशवी सांभाळजो.

अकोटचे भाऊजी : बाबू बरोबर बोलून राह्यला. आमच्या इकडच्या आडगावच्या लढाईत, २९ नोव्हेंबरले, आपल्या तोफा सुरू झाल्या अन् इंग्रजाईच्या देशी पलटणी मांगं पळाल्या. असईले टिकल्या त्याच पलटणी! त्याईचा सेनापती वेलस्ली, त्याले सोता जाऊन त्याईले फिरवा लागलं. म्हंजे आपल्या तोफाईत दम होता. एक पीक बुडालं म्हणून कोणी वावर विकते का?

मी : भाऊजी, पलटणी पळाल्या हे खरं, तशाच त्या परत आल्या हेही खरं. अंधार पडायच्या आत मैदान गेलं, ३८ तोफा गेल्या आणि चांदण्यात आपल्या लोकांचा पाठलाग झाला. मैदानावर रघुजी नव्हते, त्यांचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू होते.

मी : आणि बाबू, तू दोनच दिवस मोजतोस. ऑगस्टपासून मोज ना. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला गेला. २३ सप्टेंबरला असई. १४ ऑक्टोबरला तिकडं कटकचा बाराबाटी किल्ला पडला, म्हणजे ओरिसा हातचा गेला. त्याच महिन्यात बऱ्हाणपूर आणि असीरगड. १ नोव्हेंबरला लासवारीत शिंद्यांच्या कवायती फौजेचा कणा मोडला. २३ नोव्हेंबरला शिंद्यांनी इंग्रजांशी लढाई थांबवायचा करार केला. हे सगळं आडगावच्या आधी. मग गाविलगड. चार महिन्यांत एकही मोठी लढाई आपल्या बाजूला गेली नाही. आता सांग, १७ डिसेंबरला रघुजींच्या हाती काय होतं?

बाबू : नागपूर होतं. पूर्वेचा मुलूख होता. अन् होळकरांकडं काय होतं आत्या? यशवंतराव १८०४ मध्ये एकटे उतरले. इंग्रजांच्या मॉन्सनची फौज पार उधळली. १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यावर जनरल लेक चारदा धडकला, चारही वेळा हात हलवत परत. कंपनी खर्चानं इतकी टेकीला आली की गव्हर्नर जनरल वेलस्लीलाच (त्या सेनापतीच्या भावाला) विलायतेला परत बोलावलं. अन् डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटच्या तहात होळकरांना बराच मुलूख परत मिळाला. रघुजी वर्ष-दीड वर्ष थांबले असते तर वऱ्हाड वाचलं असतं.

दादा : हे बाकी खरं आहे बाई. याचं उत्तर दे.

मी : बाबूचा हा मुद्दा वजनदार आहे, उडवून लावण्यासारखा नाही. होळकर १८०४ ला लढले. पण १८०३ ला, शिंदे-भोसले असईत मरत होते तेव्हा, ते बाजूला उभे होते. तिन्ही फौजा एका वर्षी मैदानात आल्या असत्या तर आज आपण देवगावचं नावही काढलं नसतं. कंपनी पुढं खर्चाला कंटाळेल, भरतपूर टिकेल, हे रघुजींना डिसेंबरात कुठून दिसणार? त्यांना दिसत होता तो पडलेला गाविलगड. आणि होळकरांची लढाई घोड्यावरची होती, आज इथं तर उद्या तिथं. भोसल्यांच्या मागं रयत होती, वसुली होती, राजधानी होती. त्यात १८०३-०४ चा दुष्काळ. दख्खनेत माणसं अन्नावाचून मेली. अशा साली लढाई वर्षभर ओढायची म्हणजे आपल्याच मुलखात दोन फौजांनी चारा-दाणा लुटायचा. युद्ध थांबवणं बरोबरच होतं. त्यावर मी ठाम आहे.

दादा : मले एक सांग. तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं सोडलं म्हंतात. आपण तं नदीच्या अल्याड. समोर कौंडण्यपूर. म्हंजे रुक्मिणीचं माहेर निजामाकडं अन् आपण भोसल्याईकडं?

मी : अगदी तसंच दादा. आधी वऱ्हाडात दोअमली होती. अंमल निजामाचा म्हणायचा आणि वसुलीत वाटा भोसल्यांचाही. तहानं भोसल्यांचा वाटा संपला, आणि इंग्रजांनी तो मुलूख पुढच्याच वर्षी, १८०४ ला, निजामाला देऊन टाकला. इकडचे लोक कार्तिकीला डोंग्यात बसून पल्याड जायचे ते दुसऱ्या राज्यात जायचे. पुढं १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०२ ला कायमच्या पट्ट्यानं, आणि १९०३ ला ते मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर एकच कारभार यायला शंभर वर्षं लागली. आपल्या घरातल्या अमरावतीच्या सोयऱ्यांना आपण अजून ‘वऱ्हाडातले’ म्हणतो, ते उगाच नाही.

वहिनी : माझं माहेर तिवसा. म्हंजे मी परराज्यातली 😄

अकोटचे भाऊजी : वऱ्हाड गेलं ते दिसते तरी. पण तहातले बाकीचे कलमं पाहा. कंपनीले इचारल्याबिगर फिरंगी माणूस नोकरीवर ठेवायचा नाई. शिंदे अन् बाकी मराठे सरदाराईच्या जुटीतून बाहेर निंघायचं. निजामाशी नाईतं पेशव्याशी भांडण झालं तं पंच कोण? कंपनी! घरातल्या भांडणात चोराले पंच केलं. नागपुरात एल्फिन्स्टन रेसिडेंट (कंपनीचा वकील) म्हणून येऊन बसला तो वेगळाच. हे राज्य राह्यलं म्हणायचं का?

मी : पंचाचं कलम मलाही सगळ्यात वाईट वाटतं. आणि वऱ्हाडापेक्षाही मोठं नुकसान कटकचं. १७५१ पासून ओरिसा भोसल्यांकडं होता. तो गेला आणि कंपनीचा बंगाल न् मद्रास किनाऱ्यानं सलग जोडला गेला. इंग्रजांना हवं होतं ते हेच. नागपूरची समुद्राकडची वाट बंद झाली.

मी : पण एक गोष्ट रघुजींनी त्या तहात दिली नाही, आणि माझा सगळा भर त्यावर आहे. तैनाती फौज. पेशव्यांनी वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला ती घेतली होती आणि तिथून पुढं पुणं कोणाच्या हुकमानं चाललं ते तुम्हाला माहीत आहे. रघुजी मैदानात हरले होते, तरी आपल्या खर्चानं इंग्रजांची पलटण नागपुरात ठेवायला त्यांनी मान्यता दिली नाही. कंपनी मागं लागलीच होती. ते २२ मार्च १८१६ ला गेले, तोवर हा माणूस बधला नाही. ते गेल्यावर २७ मे १८१६ ला, म्हणजे दोनच महिन्यांत, त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी त्या कागदावर सही केली. जो राजा बारा वर्षं ते दार लावून धरतो त्याला शरण गेलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट १८०६ मध्ये संबळपूर आणि पाटणा (ओरिसातला) इंग्रजांनी परत दिला.

बाबू : म्हणजे तुझ्या मते सगळं बरोबरच झालं?

मी : नाही. माझा राग तहावर नाही, तहानंतरच्या कारभारावर आहे. राज्याचा साधारण तिसरा हिस्सा गेला. दरबाराचा खर्च मात्र तिसऱ्या हिश्शानं कमी झाला नाही. तूट कोणाकडून भरून काढली? राहिलेल्या गावांकडून. सारा वाढवला, नवे नवे कर बसवले. फौजेचे पगार थकले, मग त्याच शिपायांनी कास्तकारांना लुटलं. वरून पेंढारी. १८११ ला ते थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या जाळून गेले. आपल्या विदर्भात गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या दिसतात ना, नागपूरकडच्या त्यातल्या कितीतरी याच काळात उभ्या राहिल्या. पेंढारी आले की लेकरं, गुरं, धान्य घेऊन माणसं आत शिरायची. राजानं इंग्रजांशी शांतता केली आणि गावाला मात्र गढी बांधावी लागली.

वहिनी : मंग ज्याईच्या जिवावर तह झाला त्याईले कोणी इचारलं होतं का? बायाईनं लेकरं घेऊन गढीत रात्री काढल्या असतीन, ते कोण्या कागदात लिहून आहे का?

मी : वहिनी, खरा प्रश्न तुम्ही विचारला. नाही विचारलं. आणि कागदात ते क्वचितच सापडतं.

दादा : आपल्या गढीची माती लोकाईनं घराले नेली. आता बुरूज एकच उभा आहे. पावसाळ्यात तोही ढासळन.

बाबू : कराचं पटलं आत्या. पण बेनीसिंग किल्लेदाराचं काय? बाहेरचा कोट फुटला तरी तो आतून लढत राहिला, लढतच मेला. इंग्रजांनी लबाडा गावाच्या बाजूनं डोंगरातून रस्ता करत तोफा ओढून आणल्या, आतल्या कोटाला शिड्या लावून चढले. आता तिथंच उभा आहे मी. त्यानं जीव दिला अन् दोन दिवसांत त्याच्या राजानं हात टेकले. हे मनाला लागतं.

मी : लागू दे बाबू, लागायलाच पाहिजे. पण त्या तहाचं एक कलम नीट वाच. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले, आसपासच्या चार लाखांच्या मुलखासकट, भोसल्यांकडंच राहिले. बेनीसिंग ज्या गडासाठी मेला तो गड रघुजींनी देवगावात सोडला नाही, मागून घेतला. तू फोटोखाली ‘याच गडापायी वऱ्हाड गेलं’ लिहिलंस, तिथं बेनीसिंगाचं नाव लिही.

अकोटचे भाऊजी : मागून घेतला, पण राखला कुठं? सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ ले गेलाच.

मी : तो हिशोब आप्पासाहेबांच्या खात्यावर मांडा भाऊजी, रघुजींच्या नको.

अकोटचे भाऊजी : नाई पटत. पंच नेमला त्या दिवशीच गेलं होतं सारं. बाबू, उतरताना इकडं अकोटले ये. आडगावचं शिवार दाखवतो, मंग बोलू.

बाबू : येतो काका. नरनाळाही करू.