डिप्लोमाआधी पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती: सी की पायथन?

महालकर: माझ्या भाचीने यंदा दहावीची परीक्षा दिली असून तिला कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा आहे. नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडण्याची सोय नाही, म्हणून निकाल लागेपर्यंत घरीच प्रोग्रामिंग शिकावे, असे तिने ठरवले आहे. सीताबर्डीतील एक क्लास सी घ्या म्हणतो, तर ओळखीचे एक इंजिनीअर पायथन सुचवतात. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. सुरुवात कशाने करावी?

निवृत्त मास्तर: डिप्लोमात सी शिकावीच लागते, त्यामुळे आताच सुरू करण्यास हरकत नाही. मात्र तो क्लास टर्बो सी वापरत असेल, तर तेथे जाऊ नये. ते विंडोजपूर्वीच्या डॉसच्या काळातले साधन आहे आणि त्यातून लागलेली व्हॉइड मेन (प्रोग्राम सुरू करण्याची अप्रमाण पद्धत), सीएलआरएससीआर (पडदा पुसण्याची आज्ञा) यांची सवय पुढे मोडावी लागते. त्याऐवजी जीसीसी हा सीचा आधुनिक कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत बदलणारे साधन, फुकट मिळतो.

संत्रानगरी: मास्तरांचा आदर राखूनही मी पायथनच सुचवेन. सीमध्ये स्कॅनएफ ही माहिती विचारून घेण्याची आज्ञा लिहिताना चलापुढचे अँपरसँड (&) हे चिन्ह राहिले, तर प्रोग्राम कोसळू शकतो, आणि तो का कोसळला हे समजण्यासाठी मेमरीतील पत्ता म्हणजे काय, हे आधी कळावे लागते. पहिल्या आठवड्यात ते ओझे कशाला? अर्थात पायथनही चकवतेच. कळमन्याच्या बाजारातील संत्र्यांच्या दोन क्रेटांचे वजन विचारून बेरीज करणारा प्रोग्राम तिला लिहू द्या. इनपुट या आज्ञेने घेतलेले उत्तर पायथन मजकूर म्हणून ठेवते, त्यामुळे १८ आणि २२ दिल्यावर ४० ऐवजी १८२२ छापले जाते, आणि चूक दाखवणारा संदेश मात्र येत नाही. दोन्ही उत्तरांना इंट (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) लावले की बेरीज जमते. संख्या आणि मजकूर यांतला हा भेद तिने स्वतः शोधून काढला, तर पुढे सीमधील इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश संख्या), कॅर (अक्षर) हे माहितीचे प्रकार तिला परके वाटणार नाहीत. तुमच्या लॅपटॉपवर पायथनसोबत येणारे आयडल हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन सहज चालेल.

महालकर: क्लासमध्ये चौकशी केली, तेथे टर्बो सीच आहे. तेव्हा घरीच पायथन. विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथची एक चौकट दिसते, ती निवडावी का?

संत्रानगरी: अवश्य निवडावी. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम कोठे शोधते त्या जागांची यादी; चौकट निवडली नाही, तर कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पायथन लिहूनही ते सुरू होत नाही.