मदत हवी आहे: खोटे फॉरवर्ड ओळखायला शिकवलं, आता मुलं जंताची गोळीही घेईनात

नववीची_बाई
17 तारखेच्या आत उत्तर हवंय म्हणून थेट लिहिते. आरोग्याच्या खोट्या पोस्ट कशा ओळखायच्या यावर वर्गात तासिका घेतल्या. लाल अक्षरं, "सर्वांना पाठवा", अशुद्ध लेखन, उद्गारचिन्हांची रांग, सगळं फळ्यावर लिहून दिलं. चाचणीत सगळे पास. आणि परवा गोळ्या वाटल्या तर अर्धा वर्ग म्हणतो, "बाई, हे फेक आहे." आता काय शिकवू? तयार पीपीटी असेल तर द्या.

पाटीपेन्सिल
कसल्या गोळ्या? मुलांकडे फोन आहेत का? फेक म्हणजे गोळी फेक की बातमी?

नववीची_बाई
जंतनाशक हो, 10 फेब्रुवारीच्या! राहिलेल्यांना 17 ला देतात. फोन शाळेत चालत नाहीत, हे सांगायला हवं का?

सुंठ_मिरी
मुलं शहाणी आहेत. आम्हाला आजी वावडिंग द्यायची, घरात एकालाही जंत झाले नाहीत.

रात्रपाळी
झाले नाहीत हे कळलं कसं, शी तपासली होती? (मी डॉक्टर आहे, चालतं मला हे बोललेलं.) अल्बेंडाझोल 400 मिग्रॅची एकच गोळी, चावून खायची. पोटात जंत जास्त असतील तर थोडं मळमळतं, पोट दुखतं. त्याचाच कुणीतरी व्हिडिओ काढतं.

सुंठ_मिरी
म्हणजे आयुर्वेद सगळा खोटा?

रात्रपाळी
कोण म्हणालं? "मधुमेह मुळापासून बरा" ही जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, मग औषध कुठल्याही पॅथीचं असो. वावडिंगासाठी वेगळा धागा काढा.

सेटिंगवाले_काका
व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडा, मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. निम्मा त्रास संपतो.

पाटीपेन्सिल
काका, फोनच नाहीत म्हणाल्या त्या. बाई, गोळीची सूचना पालकांना कशी गेली होती?

नववीची_बाई
ग्रुपवर. लाल अक्षरांत. खाली "सर्व पालकांपर्यंत पोहोचवा". ऱ्हस्वदीर्घाचं विचारू नका.

पाटीपेन्सिल
मग मुलांनी तुमचेच नियम लावले की! पैकीच्या पैकी गुण द्या त्यांना. हल्ली खोटी पोस्ट शुद्ध मराठीत, लोगोसकट येते, त्यामुळे खुणांवर भागत नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना वेबसाइट पारखायला दिल्या होत्या. पहिले दोघे त्याच पानात डोकं घालून बसले. तपासनीस लगेच बाहेर पडून दुसरे काय म्हणतात ते बघायचे. हे कागदावरही जमतं. नवज्योतसिंग सिद्धूंचं प्रकरण घ्या, नोव्हेंबर 2024. पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने हटला म्हणाले. टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढलं की याला पुरावा नाही, रुग्णांनी उपचार थांबवू नयेत. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. दावा, पत्रक, उपचारांची बातमी असे तीन कागद गटागटाला द्या. मग तोच प्रयोग गोळीवर: ही सूचना आणखी कुठे सापडते? आरोग्य केंद्रात? अंगणवाडीत? खरं ठरलं तर मान्य करण्याचाही सराव हवा, नाहीतर सगळंच खोटं म्हणणं सोपं असतं.

सुंठ_मिरी
हळदीवर संशोधन चालू आहे!

रात्रपाळी
पत्रकातही तेच आहे. चालू आहे, झालेलं नाही.

गंगेकाठचा
बिहारमध्ये सरकारी ग्रंथालयांतून 13,000 वर मुलांना असे वर्ग दिले होते. चार महिन्यांनीही फरक टिकला, पालकांतही उतरला. पण तिथे सत्रं अनेक झाली, एका तासिकेत चमत्कार मागू नका.

नववीची_बाई
एकच तास मिळतोय, तोही पीटीचा. झेरॉक्स माझ्याच खिशातून. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना वर्गात बोलावते, त्यांना मुलांनीच प्रश्न विचारू देत. पीपीटी कुणाकडेच नाही का?

जाईजुई
काका, तुमचं ऐकून ऑटो-डाउनलोड बंद केलं, आता नातवाचे फोटो उघडत नाहीत. काय दाबू?