आईच्या आतड्याचं ऑपरेशन, आधी रेडिएशन झालंय, फिल्म ठेवणं सेफ आहे का? अर्जंट

मनवा_के:
गुरुवारी ऑपरेशन आहे. आतडी एकमेकांना चिकटलीत. डॉक्टर म्हणाले परत चिकटू नयेत म्हणून आत फिल्म ठेवता येते, आपोआप विरघळते, खर्च वेगळा, घरी बोलून उद्या सांगा. घरी कोणाला काय कळणार यातलं? रेडिएशनवाल्या पेशंटला चालते का एवढंच सांगा प्लीज.

देवगडकर:
फिल्म कुठली? रेडिएशन कशासाठी, कधी? आतडं नुसतं सोडवणार की कापून जोडणार?

निशिगंध७:
ऑपरेशनची घाई नका करू ताई. माझी मावशी रोज रात्री एरंडेल घ्यायची, सगळं सुरळीत झालं.

देवगडकर:
अहो आतड्यात अडथळा असताना रेचक? आतडं फुटेल!

निशिगंध७:
मी अनुभव सांगितला, तुम्हाला राग कशाला.

मनवा_के:
एरंडेल नको, तिला पाणीसुद्धा टिकत नाहीये. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, 2019 ला रेडिएशन, बाहेरून आणि आतूनपण. सेप्राफिल्म म्हणाले. एक भाग अरुंद झालाय तो कापून जोडणारच आहेत.

ओटी_सिस्टर:
कापून जोडणार हेच तर मुख्य आहे गं! सेप्राफिल्म अमेरिकेत 1996 पासून आहे, एकदोन दिवसात तिचं जेल होतं, आठवडाभर आत राहतं, मग शरीर बाहेर टाकतं. आतडं कापलेल्या 1,701 पेशंटवर अभ्यास झाला, चिकटल्यामुळे परत ऑपरेशन करावं लागलं ते 3.4 टक्क्यांऐवजी 1.8 टक्के. पण ज्यांच्या ताज्या जोडाभोवतीच फिल्म गुंडाळली त्यांच्यात जोड गळायचं प्रमाण वाढलं, म्हणून तशी गुंडाळू नका असं सांगतात. रेडिएशनने आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, जोड आधीच उशिरा भरतो, त्यामुळे आईच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. आकडे सरसकट पेशंटचे आहेत, तिला जसेच्या तसे लावू नकोस.

पाटीलबुवा:
दुर्बिणीने करून घ्या, मग चिकटतच नाही. आणि मेडिक्लेमवाल्यांना आधी मेल टाका, आमचे फिल्मचे पैसे कापले होते.

देवगडकर:
दुर्बिणीने कमी चिकटतं, चिकटतच नाही असं नाही. आणि रेडिएशनने घट्ट झालेल्या पोटात दुर्बीण घालायला जागा तरी मिळते का दरवेळी?

रानफूल:
पोटात सोडायचं ते पाणी असतं ना, अ‍ॅडेप्ट, ते विचारा.

ओटी_सिस्टर:
आतडं कापायचं असेल तर ते वापरू नये असं लिहिलेलं असतं.

मनवा_के:
मग फिल्मला नाही म्हणू का?

ओटी_सिस्टर:
नाही, विचार. फिल्म जोडापासून लांब, पोटाच्या टाक्यांच्या खाली ठेवणार का? जोडायला निदान एका बाजूचं आतडं रेडिएशन न लागलेलं मिळेल का? आणि जोड भरवशाचा वाटला नाही तर आतडं पोटावर बाहेर काढून शी जमा व्हायला पिशवी लावणार का?

मनवा_के:
पिशवीचं कोणीच बोललं नाही आमच्याशी. ती कायमची असते का?