जगबुडीवरच्या विनोदी कादंबऱ्या का आवडतात? खरंच आवडाव्यात का?

तापीकाठ:
माझं सरळ मत आहे, जगाच्या शेवटावर गंभीर चेहऱ्यानं लिहिणाऱ्यांपेक्षा हे विनोदी फॅन्टसीवाले जास्त खरं बोलतात. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन या इंग्रज लेखकांची १९९० ची 'गुड ओमेन्स' कादंबरी घ्या, सैतानाचं पोरगं जन्मताच अदलाबदलीत भलत्याच घरी जातं, इंग्लंडातल्या एका खेड्यात वाढतं, आणि अकराव्या वर्षी जग बुडवायची वेळ येते तर त्याला ते नकोच असतं कारण गाव, दोस्त, कुत्रा सगळं त्याचं झालेलं असतं. जग का वाचवावं याचं याहून चांगलं उत्तर मी कुठं वाचलं नाही.

केळीबाग रावेर:
नाही पटत भो. वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी झालेली ज्यानं पाहिली त्याला प्रलयावर हसू येत नाही. त्याच पुस्तकात, बायबलात जगाच्या शेवटी येणारे जे चार घोडेस्वार आहेत त्यातला रोगराईचा घोडेस्वार पेनिसिलिनमुळे १९३६ मध्येच रिटायर होतो आणि त्याच्या जागी प्रदूषण येतं. २०२० मध्ये ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यासमोर वाचून दाखव हे.

तापीकाठ:
पण मेलेल्यांना कुठं हसलंय त्यात? त्यातला दुष्काळाचा घोडेस्वार सूटबूट घालून काहीच पोषण नसलेलं डाएट फूड विकतो. लेखकांचा राग आहे तो, भूक विकून पैसा करणाऱ्यांवरचा.

भुसावळ जंक्शन:
मला तर १९७९ चं डग्लस अ‍ॅडम्सचं 'हिचहायकर्स गाइड' जवळचं वाटतं, ते साय-फाय आहे, पण जात तीच. अंतराळातला बायपास काढायला पृथ्वीच पाडतात, वर सांगतात की नकाशे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरी या दूरच्या ताऱ्याकडच्या ऑफिसात लावले होते, तुम्हीच हरकत घ्यायला आला नाहीत! हायवेच्या चौपदरीकरणात ज्याची जमीन गेली आणि जो मोबदल्यासाठी ऑफिसाच्या पायऱ्या झिजवू राहिला, त्याला हे समजवायला लागत नाही. आपल्याकडं प्रलयानंतर नवं युग असतं म्हणून ती ख्रिस्ती शेवटाची भीती आपल्याला तेवढी नाही, पण कारकून तर सगळीकडचा सारखाच.

केळीबाग रावेर:
हेच तर म्हणतो! हसून मोकळा झालेला माणूस हरकत घ्यायला जातच नाही. बहिणाबाईंनी जगण्यामरण्यात एका श्वासाचं अंतर सांगितलं, त्याला विनोद लागला नाही.

तापीकाठ:
त्याच बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं, हाकललं तरी परत येणारं, त्यात हसू नाही का? दुःख ठाऊक असलेल्या बाईचं हसू आहे ते. आणि हसलं की माणूस थंड पडतो हे मला मान्यच नाही, त्या पोरासारखं आपल्या गल्लीवर जीव जडला की माणूस भांडतोच.

भुसावळ जंक्शन:
कोणीतरी खान्देशात घडणारी लिहा राव, चित्रगुप्ताचं ऑफिस, ४५ डिग्रीचा मे महिना, मधेमधे अहिराणी.

केळीबाग रावेर:
लिहा. पण त्यात झोपलेल्या बागेचा पंचनामा खराखुरा येऊ द्या, घड किती वजनाचा होता, कर्ज किती होतं, सगळं. तशी असेल तर मी वाचीन.