श्रीलंकेचं कर्ज: दोष कोणाचा? (वादविवादासाठी मुद्दे हवेत)

राजवाडाकर, इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे गणेशोत्सवात कॉलेजच्या मुलांचा वादविवाद आहे: ‘देश कर्जात बुडाला, दोष कोणाचा?’ उदाहरण श्रीलंकेचं घेतलंय. मुलांची तयारी दोनच शब्दांची, राजपक्षे (तिथलं सत्ताधारी राहिलेलं घराणं) आणि चीन. तेवढ्यावर परीक्षक सोडणार नाहीत. आकड्यांसकट सांगा. इंदूर मनपाच्या ग्रीन बॉण्डवरही (पर्यावरणपूरक कामासाठी विकलेले कर्जरोखे) कोणीतरी विचारणारच.

तिजोरीवाला, बडोदा
चीनला आधी बाजूला ठेवा. परकीय कर्जात त्याचा वाटा सरकारी मोजणीत १० टक्के, चिनी बँकांचं सगळं धरलं तर २० च्या आसपास. खरा बोजा डॉलर रोख्यांचा (सरकारने परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जरोख्यांचा), एक तृतीयांशाहून जास्त. २००७ पासून ते विकले गेले. यात मुद्दल हप्त्यांनी फिटत नाही, मुदत संपली की एकरकमी द्यावं लागतं. म्हणून जुना फेडायला नवा रोखा विकायचा. नवा खपेनासा झाला की परकीय चलनाच्या गंगाजळीत हात घालावा लागतो.

तो का खपेना, हे शोधायला गेलात की सरकारी निर्णयांवरच्या सह्या सापडतात. डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि नोंदणीची मर्यादा वार्षिक १.२ कोटी रुपयांच्या (त्यांच्या) उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली. मुलं नेहमी दराबद्दल बोलतात, पण मर्यादा जास्त घातक. दर पुन्हा वाढवता येतो, नोंदणीतून सुटलेला व्यापारी परत आणणं महाकठीण. पुढे कोविडने पर्यटन बसलं, २०२० मध्ये देशाचं रेटिंग (पतमानांकन) घसरलं, रोखे बाजाराचं दार बंद.

त्यानंतरही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदतीला जायला टाळाटाळ. डॉलरचा भाव २०० (श्रीलंकन) रुपयांच्या आसपास रेटून धरलेला. इंधनाला डॉलर पुरत नसताना १८ जानेवारी २०२२ ला ५० कोटी डॉलरचा रोखा पूर्ण फेडला, आणि १२ एप्रिलला परकीय कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले! माझ्या मते कर्ज घेण्यापेक्षा हा उशीर मोठा अपराध.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मताने गोटाबाया, महिंदा व बासिल राजपक्षे यांच्याबरोबर केंद्रीय बँकेचे माजी गव्हर्नर कब्राल आणि लक्ष्मण यांनाही आर्थिक संकटाला जबाबदार धरलं. म्हणजे नुसते नेते नव्हेत, अधिकारीही. हा निकाल मुलांना पाठच करायला लावा.

लष्करवाली, ग्वाल्हेर
दोष कोणाचा आणि भुर्दंड कोणाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. विरुद्ध बाजू तिथेच पकडेल.

रोखे घेणाऱ्यांनी जोखीम आहे म्हणूनच चढं व्याज घेतलं होतं. त्यामुळे २०२४ च्या कर्ज फेररचनेत (परतफेडीच्या अटी नव्याने ठरवताना) मुद्दलाला २७ टक्के कात्री लागली, त्यात अन्याय वगैरे काही नाही. देशांतर्गत कर्जाचं मात्र बघा. २०२३ मध्ये बँकांकडचे सरकारी रोखे वगळले आणि नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीला जुन्या रोख्यांच्या बदल्यात कमी व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घ्यायला लावलं. नाही घेतले तर फंडाच्या उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर. बँका कोसळतील ही भीती खरी होती, मान्य. पण ज्याने कशावरही सही केली नाही त्याच्या म्हातारपणाच्या पैशाला हात लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

राजवाडाकर, इंदूर
ताई, हे झकास. आणि बॉण्डचं?

तिजोरीवाला, बडोदा
श्रीलंकेशी तुलना जुळत नाही, असंच उत्तर द्यायचं. फेब्रुवारी २०२३ चे ते बॉण्ड २४४ कोटींचे, रुपयांत आहेत, डॉलरमध्ये नाहीत. परतफेड ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी, चार तुकड्यांत, म्हणजे सगळं एका दिवशी अंगावर येत नाही. पैसा जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, नर्मदेचं पाणी उपसण्याचं वीजबिल कमी करायला. बिल किती घटलं, तेच दरवर्षी विचारत राहायचं.

इंदूरचंच उदाहरण हवं तर होळकरांचं घ्या. तुकोजीराव दुसरे यांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. रेल्वेसारखं काम लांब मुदतीच्या पैशावरच उभं करायचं असतं. श्रीलंकेने रस्ते बांधले, त्यांची कमाई रुपयांत आणि वीसपंचवीस वर्षांत येणारी. रोखे मात्र पाच-दहा वर्षांचे, तेही डॉलरचे.